त्या दगडाचं पुढे काय झालं?

२०२५च्या फेब्रुवारीत एका दुपारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेलो असताना आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आईचा मेसेज आला. एका बातम्यांच्या अ‍ॅपची लिंक होती. मथळ्यात नासा होती, लघुग्रह होता, मुंबई होती आणि शेवटी प्रश्नचिन्ह. फोटोत आगीचा एक प्रचंड गोळा पृथ्वीवर आदळत होता. चित्रातल्या पृथ्वीच्या मापाने मोजलं असतं तर तो दगड महाराष्ट्राएवढा भरला असता. खाली आईने लिहिलं होतं, "२०३२. म्हणजे तुझं घराचं कर्ज फिटायच्या आधीच."

काकाने हसण्याचे तीन इमोजी टाकले, मावशीने हात जोडले. मी "काही होत नाही गं" असं लिहिलं आणि मीटिंगकडे वळलो.

जूनमध्ये डोंबिवलीला घरी गेलो. जेवताना आईने विचारलं, "अरे, त्या दगडाचं पुढे काय झालं?" मी सांगितलं, तो येत नाहीये, हे फेब्रुवारी संपायच्या आतच ठरलं. तिला खरोखर आश्चर्य वाटलं. "मग हे कुणी सांगितलं कसं नाही?" आणि मग भात वाढता वाढता, "तुमच्या शास्त्रज्ञांचं हे असंच. आज एक सांगतात, उद्या एक."

एवढंच असतं तर मी ते विसरून गेलो असतो. पण दोन दिवसांनी कळलं की कोलेस्टेरॉलची गोळी तिने एप्रिलपासून कुणाला न सांगता बंद केली आहे. का, म्हटलं तर उत्तर तेच. "त्याचंही आज एक, उद्या एक. कधी म्हणतात अंडं खा, कधी म्हणतात नको."

आईचं शिक्षण बी.कॉम. आहे. तिने २६ वर्षं नोकरी केली. घरातले सगळे हिशेब अजून तीच बघते. ती भोळी नाही. ती रोज सकाळी चहाबरोबर मोबाईलवर बातम्या वाचते आणि त्या बातम्यांमधून 'विज्ञान' नावाच्या गोष्टीबद्दल तिचं एक मत तयार झालं आहे. त्या मतावर ती निर्णय घेते. म्हणून ती बातमी पुन्हा उघडून नीट वाचावीशी वाटली. तशाच आणखी दहा-बाराही वाचल्या. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

बातमीत काय होतं आणि काय घडलं

आधी खरी गोष्ट. २७ डिसेंबर २०२४ला चिलीमधल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला एक छोटा लघुग्रह दिसला. त्याला नाव मिळालं २०२४ वायआर४. दिसला तेव्हा तो पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाले होते आणि तो दूर चालला होता. म्हणजे दिवसागणिक मंद होत जाणारा ठिपका. त्याच्या कक्षेचा हिशेब मांडला तेव्हा २२ डिसेंबर २०३२ला तो पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता दिसली. जानेवारीच्या शेवटी ही शक्यता १ टक्क्याच्या वर गेली. एवढी झाली की जगभरातल्या संबंधित संस्थांना अधिकृत सूचना द्यायची असा नियम आहे, त्याप्रमाणे ती दिली गेली. दगडाचा अंदाजे आकार ४० ते ९० मीटर. शून्य ते दहा अशा टोरिनो श्रेणीवर त्याला तीनचा दर्जा मिळाला.

१८ फेब्रुवारीला नासाच्या हिशेबात शक्यता ३.१ टक्के झाली. १९ला १.५ टक्के. २०ला ०.२८ टक्के. २४ला ०.००४ टक्के. विषय संपला. नंतर मार्च महिन्यातल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनंतर नासाने आकार ५३ ते ६७ मीटर असा नेमका केला आणि जूनमध्ये सांगितलं की हा दगड चंद्रावर आदळण्याची शक्यता सुमारे ४.३ टक्के आहे. पृथ्वीच्या बाबतीत मात्र प्रश्न मिटला होता.

आता मी वाचलेल्या बातम्या. त्यांतली कुठलीच सपशेल खोटी नव्हती. शक्यतेचा आकडा बरोबर, तारीख बरोबर, नाव बरोबर. काहींत टोरिनो श्रेणीचाही उल्लेख होता. तरी वाचून झाल्यावर वाचकाच्या हातात एक चुकीची गोष्ट उरत होती. आधी शक्यता वाढली, म्हणजे दगड जवळ जवळ येत होता. मग अचानक कमी झाली, म्हणजे एक तर तो वळला किंवा शास्त्रज्ञांचं गणित चुकलं. आईने नेमका हाच अर्थ काढला आणि तिच्यासमोर जे ठेवलं होतं त्यातून दुसरा अर्थ निघणं अवघडच होतं.

एलबीडब्ल्यूचं गणित

आकडा आधी वाढला आणि मग कोसळला, हे गणित नीट चालत असल्याचं लक्षण होतं. हे समजायला खगोलशास्त्र लागत नाही. क्रिकेट पुरे.

बॉल पॅडवर लागतो, बॉलिंग टीम रिव्ह्यू घेते. पडद्यावर बॉलचा पुढचा मार्ग दाखवतात. समजा, कॅमेऱ्याने बॉलचे दोनच फोटो टिपले आहेत. त्यावरून पुढचा मार्ग काढायचा तर अंदाजाचा पंखा रुंद असणार. समजा, स्टंपपाशी पोचेपर्यंत तो पंखा २३० सेंटिमीटर रुंद होतो. तीन स्टंपांची मिळून रुंदी साधारण २३ सेंटिमीटर. पंख्यातली प्रत्येक जागा सोयीसाठी सारखीच शक्य धरली तर बॉल स्टंपवर जाण्याची शक्यता १० टक्के.

आता आणखी काही फोटो मिळाले. पंखा ११५ सेंटिमीटरवर आला. स्टंप अजून पंख्याच्या आतच आहेत. शक्यता झाली २० टक्के. आणखी फोटो, पंखा ६० सेंटिमीटर, स्टंप अजून आतच. शक्यता ३८ टक्के. प्रेक्षक ओरडायला लागले. आणखी फोटो आले आणि पंखा २० सेंटिमीटरचा झाला, पण तो पूर्ण लेग स्टंपच्या बाहेर. शक्यता शून्य. नॉट आऊट.

या सगळ्यात बॉल कुठेही वळला नाही. तो पहिल्यापासून लेग स्टंपच्या बाहेरच चालला होता. आपल्याला ते उशिरा कळलं. स्टंपांची रुंदी तेवढीच राहते आणि पंखा आवळत जातो, म्हणून स्टंप पंख्याबाहेर पडेपर्यंत शक्यता वाढतच जाते. अर्थात पंखा स्टंपवरच येऊन थांबला असता तर आकडा शंभरकडे गेला असता. म्हणून तर शास्त्रज्ञ लक्ष ठेवून होते.

२०२४ वायआर४च्या बाबतीत पृथ्वी म्हणजे स्टंप आणि प्रत्येक रात्रीचं निरीक्षण म्हणजे एक नवा फोटो. असं पूर्वीही झालं होतं. २००४च्या डिसेंबरमध्ये अपोफिस नावाच्या लघुग्रहाची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती आणि मग उतरली. तो १३ एप्रिल २०२९ला पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, सुरक्षितपणे. म्हणजे बातमी देणाऱ्यांना पहिल्याच दिवशी लिहिता आलं असतं: "येत्या काही आठवड्यांत हा आकडा आणखी वाढू शकतो. त्याचा अर्थ धोका वाढला असा नाही. बहुधा तो नंतर शून्यावर येईल." हे एवढं आधी वाचलं असतं तर आकडा उतरल्यावर वाचक म्हणाला असता, बघा, सांगितलं तसंच झालं. शास्त्रज्ञांवरचा विश्वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला असता. मी वाचलेल्या बातम्यांपैकी एकीतही हे नव्हतं.

मुंबई आली कुठून?

सुरुवातीच्या हिशेबात धोक्याचा एक पट्टा निघाला होता. पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत. आदळलाच, तर या पट्ट्यात कुठेतरी. पट्ट्याचा मोठा भाग समुद्रावर होता. त्यातून शहरं निवडली गेली: बोगोटा, लागोस, मुंबई, कोलकाता, ढाका. भारतातल्या वाचकासाठी त्यातली दोन उचलली गेली आणि मराठी वाचकासाठी एक. समुद्राचं नाव मथळ्यात आलं नाही, कारण समुद्रात कुणी राहत नाही.

मी एक ढोबळ हिशेब केला. हा नासाचा नाही, माझा आहे आणि फक्त अंदाज यावा म्हणून आहे. पट्ट्याची लांबी किमान १५ हजार किलोमीटर धरा आणि त्यातला मुंबईचा वाटा ४० किलोमीटर. शक्यता सगळीकडे सारखी धरा. मग सगळ्यात वाईट दिवशी, म्हणजे ३.१ टक्क्यांच्या दिवशीसुद्धा, दगड मुंबईच्या वाट्याला येण्याची शक्यता साधारण १२ हजारांत एक येते. मथळ्यातलं 'मुंबई' आणि बातमीतलं '३.१ टक्के' हे दोन्ही आपापल्या जागी खरे होते. पण शेजारी शेजारी ठेवल्यावर मुंबईला ३.१ टक्के धोका आहे असं वाचलं जातं. एकही खोटं वाक्य न लिहिता चुकीचा समज करून देता येतो, तो असा.

आणखी एक गोष्ट राहून गेली, जी खरोखर उपयोगाची होती. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड हवेतच फुटला. जवळपास १,५०० लोक जखमी झाले, बहुतेक जण फुटलेल्या काचांनी. प्रकाश आधी पोचतो, धक्क्याची लाट नंतर. लोक लखलखाट बघायला खिडकीशी गेले आणि मग काचा फुटल्या. आकाशात अचानक प्रखर उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हा, हे एक वाक्य माणसाच्या आयुष्यात कधीतरी कामी येऊ शकतं. त्याऐवजी आपल्याला डायनोसॉरच्या काळातला आगीचा गोळा दाखवला गेला.

नोटिफिकेशनची बाजू

इथे मी थोडा कबुलीजबाब देतो. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे आणि आधीच्या नोकरीत दोन वर्षं एका खरेदीच्या अ‍ॅपच्या नोटिफिकेशन पाठवणाऱ्या सिस्टिमवर काम केलं आहे. एकाच गोष्टीचे दोन मथळे लिहायचे, अर्ध्या लोकांना एक आणि उरलेल्यांना दुसरा पाठवायचा, ज्यावर जास्त बोटं पडतील तो जिंकला. प्रश्नचिन्ह असलेला, गावाचं नाव असलेला, घाई लावणारा मथळा बहुतेक वेळा जिंकायचा. यात कुणी खलनायक नव्हता. स्क्रीनवर एक आलेख असायचा आणि तो वर गेला की सगळ्यांना बरं वाटायचं. समोरच्याला कळलं का, याचा आलेख नव्हता. तो काढायचा कसा हे कुणी विचारलंही नाही. मीही नाही.

बातम्यांच्या साइटवर याहून फार वेगळं चालत असेल असं वाटत नाही. परदेशी एजन्सीची किंवा इंग्रजी साइटची बातमी येते, डेस्कवर बसलेल्या कुणाला तरी दिवसाला कितीतरी बातम्या काढायच्या असतात, तो त्यातली एक मराठीत करतो. 'इशारा' हा शब्द येतो कुठून? मूळ निवेदनात नियमाप्रमाणे दिलेली सूचना असते, मराठीत येईपर्यंत तिचा इशारा होतो आणि मथळ्यात मोठा इशारा. 'संशोधकांचा दावा' हेही तसंच. निष्कर्ष असो, अंदाज असो, प्रयोगाचा पहिलाच टप्पा असो, मराठी बातमीत सगळ्याचा दावाच होतो. कोणाचा दावा, कुठे छापून आला, मूळ कुठे वाचायला मिळेल, याचा पत्ता नसतो. सगळंच 'दावा' असेल तर वाचकाने पक्कं आणि कच्चं वेगळं करायचं कसं?

आणि दगड येत नाही ही बातमी? ती आली होती. मी शोधली तर सापडली, तीन परिच्छेदांची, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातली. त्याच अ‍ॅपवर. पण तिचं नोटिफिकेशन आईला आलं नाही, कारण 'धोका टळला'वर कोण बोट ठेवणार? ज्यांनी पहिली बातमी उघडली होती नेमक्या त्याच लोकांना दुसरी पाठवणं अजिबात अवघड नाही. आम्ही ते करायचोच. तुम्ही चपलांचा जोड कार्टमध्ये टाकून अ‍ॅप बंद केलंत, तर पुढचे तीन दिवस आम्ही तुम्हाला तो विसरू द्यायचो नाही. चपलेसाठी जमतं ते बातमीसाठी जमायला काय हरकत आहे?

लोणारला वेगळं काय झालं

सगळं असंच असतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. जून २०२०मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हाच्या बातम्या आठवून बघा. पहिले दोन-तीन दिवस चमत्कार, रहस्य वगैरे झालंच. पण नंतर बातमी चालत राहिली. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले. विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही होता. नासाच्या उपग्रहाने टिपलेली मे आणि जूनमधली चित्रं शेजारी शेजारी ठेवलेली दिसली. शेवटी उत्तर आलं: खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव आणि त्यांचं गुलाबी रंगद्रव्य. ते उत्तरही बातम्यांमध्ये आलं आणि लोकांपर्यंत पोचलं. आईला आजही आठवतं. "ते जंतूंमुळे झालं होतं," असं ती सांगते.

फरक कशाचा? मला वाटतं, लोणारला बातमीदार जाऊ शकत होता. तलाव तिथेच होता, नमुने घेणारे लोक होते, संस्था पुण्यात होती, तिथे फोन करता येत होता आणि पुढची तारीख ठरलेली होती. बातमीला पत्ता होता. लघुग्रहाच्या बातमीला मराठी डेस्कवर फक्त अनुवादक मिळाला. पण फोन तर इथूनही करता आला असता. पुण्यात आयुका आहे, मुंबईत टीआयएफआर आहे, नेहरू तारांगण आहे, आणि मराठीत समजावून सांगणारी माणसं तिथे आहेत. 'मुंबई' मथळ्यात घालायची, तर मुंबईतल्या एका खगोलशास्त्रज्ञाला तरी विचारायला हवं होतं.

दोष एकट्या पत्रकारांचा नाही

हे लिहिताना मला एक जुना अभ्यास आठवत होता. २०१४मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कार्डिफच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली. त्यातल्या ४० टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधापेक्षा वाढवून दिलेला सल्ला होता. ३६ टक्क्यांत प्राण्यांवरच्या प्रयोगातून माणसांबद्दलचे निष्कर्ष ताणून काढले होते. पत्रकात अतिशयोक्ती असेल तर बातमीतही ती येण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. म्हणजे भेसळ बरेचदा बातमीदाराच्या टेबलावर येण्याआधीच झालेली असते, आणि ती करणारे विद्यापीठातलेच असतात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली: वाढवून लिहिलं म्हणून बातमी जास्त ठिकाणी छापून येते, याचा फारसा पुरावा मिळाला नाही.

बातमीदाराचं काम इथेच सुरू व्हायला हवं. ते न झाल्यास काय होतं, हे जॉन बोहॅनन या विज्ञानपत्रकाराने २०१५मध्ये मुद्दाम दाखवून दिलं. जर्मनीत त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १५ जणांवर तीन आठवड्यांचा एक खराखुरा, पण जाणूनबुजून गचाळ प्रयोग केला. तीन गट, त्यातल्या एका गटाला रोज डार्क चॉकलेट. वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे १८ गोष्टी मोजल्या. निष्कर्ष: चॉकलेट खाणाऱ्यांचं वजन लवकर उतरतं. 'संस्था' म्हणून फक्त एक वेबसाइट उभी केली. शोधनिबंध पैसे भरून छापून आणला. जर्मनीतल्या बिल्ड या मोठ्या वृत्तपत्राने बातमी पहिल्या पानावर घेतली आणि ती अनेक देशांत पोचली.

गंमत १८ या आकड्यात आहे. कशाचाच कशावर परिणाम नसला तरी एका मोजमापात निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय फरक' दिसण्याची शक्यता साधारण ५ टक्के धरतात. १८ मोजमापं घेतली आणि ती एकमेकांपासून स्वतंत्र मानली, तर त्यातल्या किमान एकात असा फसवा फरक दिसण्याची शक्यता ६० टक्के होते. जे मोजमाप 'लागलं' ते मथळ्यात टाकायचं, उरलेली १७ विसरायची. बातमीदाराने "किती लोकांवर?" एवढा एकच प्रश्न विचारला असता तरी बातमी तिथेच थांबली असती.

आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याची परंपरा नाही असंही नाही. जयंत नारळीकरांनी पुण्यात सहकाऱ्यांबरोबर ज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच निघाली असती. २० मे २०२५ला नारळीकर गेले, तेव्हा सगळ्या मराठी साइट्सनी त्यांच्यावर लिहिलं आणि काहींनी मनापासून चांगलं लिहिलं. मी त्यातला एक लेख मोबाईलवर वाचत खाली आलो. लेख संपला आणि पुढचं कार्ड आलं: आजचं राशिभविष्य.

काय मागायचं

साइट्सनी विज्ञानाची बातमी देऊ नये, किंवा ती रुक्ष द्यावी, असं मला म्हणायचं नाही. २०२४ वायआर४ची खरी गोष्ट आगीच्या गोळ्यापेक्षा कितीतरी रंगतदार आहे. अंधारात दूर जाणारा ६० मीटरचा दगड, त्याला नजरेतून सुटू न देणाऱ्या जगभरातल्या दुर्बिणी, रोज आवळत जाणारा पंखा, आणि स्टंप आत की बाहेर याची धाकधूक. आयपीएलची शेवटची ओव्हर जी माणसं चेंडूगणिक लिहू शकतात, त्यांना हे लिहिता येईल.

वाचक म्हणून माझ्या मागण्या छोट्या आहेत. मूळ संशोधनाची किंवा निवेदनाची लिंक द्या. ३.१ टक्के लिहाल तिथेच ९६.९ टक्केही लिहा. 'दावा' हा शब्द जपून वापरा. जुन्या बातमीवर, अगदी वरती, पुढे काय झालं ते लिहा, आणि ज्यांना घाबरवलंत त्यांना तेही कळवा. यातल्या एकाही गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही.

आपल्याकडे वेधशाळेवरचा विनोद जुना आहे: पाऊस सांगितला म्हणजे छत्री घरी ठेवायची. आपण सगळेच त्यावर हसलो आहोत. पण त्या हसण्यामागची समजूत अशी असते की ७० टक्के म्हणजे 'नक्की', आणि पाऊस पडला नाही म्हणजे 'खोटं'. शक्यता हा शब्द कसा वाचायचा हे बातम्यांनी आपल्याला कधी शिकवलंच नाही. वादळाचा पट्टा, साथीचा अंदाज, औषधाचा परिणाम, हे सगळं त्याच भाषेत येतं.

आईच्या गोळीचं सांगायचं राहिलं. मी तिला जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून एलबीडब्ल्यू समजावलं. तिला दगडाचं पटलं, गोळीचं नाही. मग तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी घाई केली नाही. अंड्याबद्दलचा सल्ला बदलला हे त्यांनी मान्य केलं आणि का बदलला तेही सांगितलं. मग म्हणाले की गोळीची गोष्ट वेगळी आहे. १९९४मध्ये उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरचा एक मोठा अभ्यास आला होता. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात, गोळी न मिळालेल्यांपैकी शंभरात सुमारे १२ जण दगावले होते, गोळी मिळालेल्यांपैकी सुमारे ८. त्यानंतरचे अभ्यास त्याच दिशेने गेले. "तुम्हाला हृदयविकार नाही, त्यामुळे हा आकडा तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही," असंही त्यांनी सांगितलं, आणि तिचं वय, रक्तदाब, साखर, रिपोर्ट असं सगळं धरून तिचा धोका किती आणि गोळीने तो किती कमी होईल हे कागदावर लिहून दिलं.

आईने तो कागद दोनदा वाचला. तिला आकडे आवडतात. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढंच तर विचारत होते मी. कुणी असं सांगतच नाही." गोळी पुन्हा सुरू झाली.

त्या सगळ्याला डॉक्टरांची दहा-बारा मिनिटं लागली. बातमी वाचायला आई साधारण तेवढाच वेळ देते, रोज सकाळी, चहा संपेपर्यंत.